डेस्कटॉपचं स्वस्तातलं अपग्रेड: आधी काय बदलायचं, काय ठेवायचं

दुकानाची पायरी चढण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमचा प्रकार आणि एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) स्टिकरवरचे आकडे. ‘आय फाइव्ह आहे, आठ जीबी रॅम आहे’ एवढ्यावर पुण्यातल्या टिळक रस्त्यावरचा सगळ्यात प्रामाणिक दुकानदारही नीट सल्ला देऊ शकत नाही. आय फाइव्ह २०११चाही असतो आणि २०२४चाही.

बोर्डाचं नाव स्टार्ट मेनूतल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीत मिळतं. रॅमसाठी ‘सीपीयू-झेड’ हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरे. त्यातल्या ‘एसपीडी’ टॅबमध्ये कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबीची स्टिक बसली आहे ते दिसतं. एसएमपीएससाठी मात्र कॅबिनेटचं झाकण उघडावंच लागतं. उघडलंच आहे तर गच्चीत नेऊन धूळ झटका, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. पुण्यात घराशेजारी एखादं बांधकाम चालूच असतं आणि ती सिमेंटची धूळ हीटसिंकच्या फटींत गच्च बसते. उन्हाळ्यात मशीन अचानक मंद होण्याचं कारण कितीदा तरी एवढंच निघतं, आणि खर्च शून्य.

अडतंय कुठे ते आधी बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’वर जा आणि मशीन जिथे रडतं तेच काम करा. डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटली आणि बाकी सगळं शांत असेल, तर एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) हवी. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम. प्रोसेसर शंभरला आणि डिस्क रिकामी, तर प्रोसेसर. गेम खेळताना जीपीयू शंभरवर असेल, तर ग्राफिक कार्ड. डिस्क आणि मेमरी दोन्ही एकदम भरलेल्या दिसल्या तर रॅमचा संशय आधी घ्या. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच लिहायला लागतं, त्यामुळे हार्ड डिस्कच्या मशीनवर एक दुखणं दोन म्हणून दिसतं.

एसएसडी: हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर दुसरा विचार नको

साधी हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साटा केबलने जोडायची एसएसडी सुमारे ५५०. पण खरा फरक छोट्या छोट्या फायलींमध्ये असतो आणि विंडोज चालू होणं म्हणजे अशा हजारो फायली वाचणंच. एच६१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या नावावरून बोर्ड ओळखतात) जुन्या बोर्डांवर साटा पोर्ट निम्म्या वेगाचेच आहेत, तरी तिथेही फरक डोळ्यांना दिसतो.

बोर्डावर एम.२ स्लॉट (छोट्या पट्टीसारखी एसएसडी थेट बसवायची जागा) असेल तर तो कसला आहे ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा. दिसायला सारखेच असले तरी काही स्लॉट फक्त साटा एम.२ घेतात, काही फक्त त्याहून वेगवान एनव्हीएमई, काही दोन्ही. शिवाय काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एक साटा पोर्ट बंद पडतो. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क ‘गायब’ झाली तर केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

किती जीबीची? २५६ मध्ये विंडोज, ऑफिस आणि टॅली आरामात मावतं. गेम असतील तर ५१२च्या खाली जाऊ नका. जुनी हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी तशीच ठेवा. विंडोज नव्याने टाकताना मात्र तिची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटची फाइल जुन्या डिस्कवरच जाऊन बसते आणि सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की मशीन चालूच होत नाही.

रॅम, आणि सध्याचा भाव

२०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. त्यामुळे स्वस्त अपग्रेडचं गणितच बदललं आहे. पूर्वी बोर्ड आवडेल तो घ्यायचा आणि रॅम शेवटी टाकायची. आता उलट करा: हातात जी चांगली रॅम आहे तिच्याभोवती बोर्ड निवडा. मशीनमध्ये डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या दोन स्टिक असतील तर त्या वाचवणारा बोर्ड हाच तुमचा बोर्ड.

डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. खाच वेगळ्या ठिकाणी असते, जोर लावला तर स्लॉट तुटतो. एक ८ जीबीची स्टिक असेल तर तशीच दुसरी घ्या. दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वेळी, चालतात आणि एएमडीच्या रायझन ५६००जी सारख्या, ग्राफिक्स आतच असलेल्या प्रोसेसरला त्याचा मोठा फायदा होतो. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. वेग वेगळा असला तरी चालतं, दोन्ही मिळून कमी वेगावर धावतात.

जुनी डीडीआर३ घेणार असाल तर दोन सापळे आहेत. ‘फक्त एएमडी’ म्हणून विकली जाणारी अतिस्वस्त रॅम इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम साध्या डेस्कटॉपवर चालतच नाही. आणि एच६१ किंवा एच८१ बोर्ड एका स्लॉटमध्ये ८ जीबीच्या वर घेत नाहीत.

प्रोसेसर बदलायचा की बोर्डही?

इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात, म्हणून थोडं थांबून बघू.

बोर्ड एच६१ (इंटेलची दुसरी-तिसरी पिढी) किंवा एच८१ (चौथी पिढी) असेल, तर त्यावर एसएसडीपलीकडे रुपयाही घालू नका. एसएसडी पुढच्या मशीनमध्ये सोबत जाते, डीडीआर३ आणि जुना आय सेव्हन कुठेच जात नाहीत. एच११० (सहावी-सातवी पिढी) थोडा बरा, कारण त्यावर बहुधा डीडीआर४ असते. पण विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे सातव्या पिढीच्या आय सेव्हनवर खर्च करणं आजच्या घडीला पटत नाही. शिवाय एच११० आणि एच३१० यांचं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) दिसायला एकच असलं तरी आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर एच११०वर चालत नाही. सेकंडहँड बाजारात ‘बसतो’ असं सांगितलं जातं. बसतो, चालत नाही.

एच३१० असेल तर नशीब चांगलं. जुना सहा कोअरचा आय५-८४०० किंवा ९४०० घेतला की घरचं काम वर्षानुवर्षं निघतं. ९४००एफ घेताना सावध राहा. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर आतलं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. रायझन ५ ५६००चंही तसंच.

सगळ्यात सुखी एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डाचे मालक. ए३२० किंवा बी४५० वर रायझन ३ २२००जी किंवा ३२००जी असेल तर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून बहुतेक बोर्डांवर रायझन ५ ५५०० किंवा ५६०० बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच. कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाच्या प्रोसेसर यादीत तो क्रमांक आहे का आणि कुठल्या बायोसपासून, ते बघा. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन क्रमांकही जुळायला हवा. क्रम महत्त्वाचा आहे: जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट, मग अदलाबदल. उलट केलं तर मशीन काळ्या पडद्यावर अडकतं आणि जुना प्रोसेसर परत बसवावा लागतो.

अपडेटसाठी पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा आणि मशीन यूपीएसवर ठेवा. गुरुवार टाळा, महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात आणि अपडेटच्या मध्ये वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, बायोस बदलल्यावर ती हमखास विचारली जाते.

बोर्डच बदलायचा ठरला आणि डीडीआर४ हाताशी असेल, तर दोन रस्ते: एएम४चा बी४५० किंवा बी५५० बोर्ड, नाहीतर इंटेलचा डीडीआर४वाला एच६१० आणि त्यावर आय३-१२१००. हे जुन्या आय सेव्हनचे मालक हसण्यावारी नेतात, पण चार कोअर आणि आठ थ्रेड असलेला हा आय३ तेवढ्याच कोअर-थ्रेडच्या २०११च्या आय७-२६००ला फार मागे टाकतो. एच६१० डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो आणि एका बोर्डावर एकच प्रकार चालतो, म्हणून बिल करण्याआधी खोक्यावर वाचा. एएम५ फक्त डीडीआर५ घेतो. रॅमच्या या भावात तो बजेटचा रस्ता नाही.

ऑनलाइन दिसणारा ‘आय सेव्हन, १६ जीबी, नवा कोरा संच’ म्हणजे बहुधा बिननावाचा एच६१ बोर्ड आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर. पिढी लिहिलेली नसेल तर पुढे जा.

एसएमपीएस: याच्यावर कंजुषी नको

स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॉट’ असतं. ते सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ने गुणा. १६ अँपिअर लिहिलं असेल तर प्रोसेसर आणि कार्डासाठी जेमतेम १९२ वॉट आहेत. ग्राफिक कार्ड घ्यायचं असेल तर त्याआधी ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा, नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस घ्या. हलका एसएमपीएस जाताना कधी एकटा जातो, कधी बोर्ड घेऊन जातो.

यूपीएसचाही हिशेब करा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच देतो, आणि त्यातच मॉनिटर आहे. कार्ड लावल्यावर वीज जाताच मशीन बंद पडायला लागलं तर बहुधा दोष इथे असतो. आणखी एक: पेठांतल्या जुन्या इमारतींत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, तेव्हा प्लगला अर्थिंग नसतं. इलेक्ट्रिशियनकडून ते आधी करून घ्या, मगच नवे पार्ट लावा.

कंपन्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे ऑफिस डेस्कटॉप स्वस्त मिळतात आणि तसेच वापरायला उत्तम आहेत. पण बऱ्याच मॉडेलमध्ये पॉवरचे पिन कंपनीचे स्वतःचे असतात, बाजारातला एसएमपीएस लागत नाही. बारीक कॅबिनेटमध्ये फक्त ‘लो प्रोफाइल’ कार्ड मावतं.

ग्राफिक कार्ड, गेम किंवा एडिटिंग असेल तरच

स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात. त्यात भागणारं कार्ड हवं असेल तर आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं मॉडेल बघा, ७० वॉटचं आहे आणि बहुतेकांना वेगळी केबल लागत नाही. ८ जीबीचं ३०५० हे वेगळंच कार्ड, त्याला १३० वॉट आणि केबल लागते. आरएक्स ६६००ला आठ पिनची केबल लागते, पण पैशाला जागतं. आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० बोर्डावर घेऊ नका, त्याच्या डेटाच्या चारच लेन आहेत आणि तिथे तो गुदमरतो. ‘४ जीबी ग्राफिक’ म्हणून मिळणारं जीटी ७३० हे २०१४चं कार्ड आहे, आजच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्सच त्याच्याहून बरं.

खरेदी आणि जोडणी

केबल, थर्मल पेस्ट, स्क्रू, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल यांसाठी पुण्यातली तापकीर गल्ली. बोर्ड, प्रोसेसर, एसएसडी यांसाठी पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर छापलेला हवा. कच्च्या बिलावर वाचलेला जीएसटी वॉरंटीच्या वेळी महागात पडतो. जुन्या बाजारात किंवा ओळखीतून बोर्ड घेताना सॉकेटचा स्पष्ट फोटो मागा. वाकलेली एक पिनही पुरते, आणि ती वॉरंटीत बसत नाही. जुनी एसएसडी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या सॉफ्टवेअरमध्ये तब्येत आणि तास बघूनच घ्या.

एएम४चा कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर हलके फिरवत उचला. सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. नवी पेस्ट मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडी जास्त, एवढी बास.

जोडल्यावर डिस्प्ले आला नाही तर घाबरण्याआधी हे बघा: प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनची केबल लावली का, रॅम टक् आवाज होईपर्यंत बसली का, कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डात तर नाही ना. पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो, पांढऱ्या खोडरबराने हलकं घासलं की बऱ्याचदा काम होतं. विंडोज ११ ‘टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही’ म्हणालं तर बायोसमध्ये इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ चालू करा.

बोर्ड बदलला तर मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज लायसन्स नव्या बोर्डावर चालत नाही, वेगळं विकत घेतलेलं रिटेलचं चालतं. तो खर्च आधीच धरा. सगळं चालू झालं की रात्रभर रॅम तपासणारं ‘मेमटेस्ट८६’ लावा. एकही चूक दिसली तरी दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा. काउंटरवर थेट बदलून मिळण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, त्यानंतर तोच पार्ट सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जातो.