ॲलर्जीची गोळी, ॲसिडिटीची गोळी आणि हिस्टामिन : या चुका टाळा

अंगावर पित्त उठलं की घरातली ॲसिडिटीची गोळी घेणारे खूप जण आहेत. खाज काही थांबत नाही, मग दुसरी गोळी घेतली जाते. खरं तर अंगावरचं पित्त आणि ॲसिडिटी, दोन्ही तक्रारींमागे शरीरातलंच एक रसायन असू शकतं, हिस्टामिन. पण ते ज्या कुलपांत बसतं ती कुलपं वेगळी आहेत, आणि एका कुलपाची गोळी दुसऱ्याला लागत नाही.

या कुलपांना रिसेप्टर म्हणतात. ते चार प्रकारचे आहेत. त्वचेखालच्या मास्ट पेशींनी, म्हणजे हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनी, ते सोडलं की ते बारीक रक्तवाहिन्यांवरच्या एच-१ रिसेप्टरला चिकटतं. वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो, त्वचा लाल होते, गांधी उठते आणि खाज सुटते. शिंका आणि नाकातलं पाणीही मुख्यतः एच-१ मुळेच. जठरात आम्ल तयार करणाऱ्या पेशींवर मात्र एच-२ असतो. एच-३ मेंदूतल्या मज्जापेशींवर, तर एच-४ प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींवर आढळतो.

ॲलर्जीवरची औषधं १९४०च्या दशकातच वापरात आली होती. शिंका आणि खाज त्यांनी कमी होई, पण हिस्टामिनमुळे जठरात सुटणाऱ्या आम्लावर त्यांचा काही परिणाम होत नसे. याचा अर्थ तिथला रिसेप्टर वेगळा असणार, या विचाराने औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी काम केलं. त्यातून एच-२ रोखणारं सिमेटिडिन आलं, १९७६ मध्ये बाजारात पोहोचलं, आणि १९८८ च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा मोठा वाटा होता. म्हणून अंगावर गांधी उठल्या असतील तर सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिनसारखी एच-१ रोखणारी गोळी लागते. एच-२ रोखणारं ॲसिडिटीचं औषध फॅमोटिडिन एकटं तिथे पुरत नाही.

झोपेसाठी ॲलर्जीची गोळी

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या सवयीची. मेंदूत हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या पेशींचा एक लहानसा पुंजका ते सगळ्या मेंदूला पुरवतो. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन ही जुनी औषधं रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तिथला एच-१ अडवतात, म्हणून गुंगी येते. रोज घेतली की काही दिवसांतच गुंगीचा असर ओसरू लागतो आणि माणूस डोस वाढवतो.

ही औषधं फक्त एच-१ वर थांबतही नाहीत. मज्जातंतूंचा निरोप पोहोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचे रिसेप्टरही ती अडवतात. त्यातून तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडकू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो. वयस्कर माणूस रात्री उठून गोंधळल्यासारखा वागू लागला, तोल जाऊन पडला, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं तपासा. सर्दीच्या गोळीत आणि खोकल्याच्या सिरपमध्ये हीच औषधं मिसळलेली असतात, त्यामुळे नकळत दुहेरी डोस जातो. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन कधीच देऊ नका, श्वास मंदावण्याचा धोका असतो.

फेक्सोफेनाडिन मेंदूत फारसं पोहोचत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधले पंप त्याला बाहेर ढकलतात. सेटिरिझिनने मात्र काहींना झोप येते. पहिल्यांदा घेताना गाडी चालवू नका, दारू तर नकोच.

त्रास सुरू झाल्यावरच गोळी

आधीच चिकटून बसलेल्या हिस्टामिनला हटवणं ही औषधांची खरी ताकद नाही. रिसेप्टर आधीच बंद स्थितीत धरून ठेवण्यात ती जास्त उपयोगी पडतात. वारंवार पित्त उठणाऱ्यांना डॉक्टर रोज ठरलेल्या वेळी गोळी घ्यायला सांगतात ते यासाठी. अधूनमधून घेऊन ‘ही गोळी लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. फेक्सोफेनाडिन लागू पडत नसेल तर ते कशासोबत घेता ते पाहा. संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड, दोन्हींमुळे ते कमी शोषलं जातं. साध्या पाण्यासोबत घ्या.

चोंदलेलं नाक गोळीने फारसं मोकळं होत नाही. ॲलर्जीमुळे चोंदत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकातला स्टिरॉइड स्प्रे बरा.

ॲसिडिटीची गोळी वाढवत नेणं

फॅमोटिडिन रोज घेतलं तर एक-दोन आठवड्यांत त्याचा असर कमी होऊ लागतो. आम्लाला एच-२ खेरीज गॅस्ट्रिन या जठरातल्या संप्रेरकाकडून आणि ॲसिटिलकोलिनकडूनही हुकूम मिळतो, त्यामुळे गोळ्या दुप्पट करून उपयोग नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध साठून गोंधळलेपण येऊ शकतं, डोस कमी करावा लागतो. सिमेटिडिन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स अडवतं, म्हणून वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारं), थिओफायलिन (दम्याचं) किंवा फेनिटॉइन (फिट्सचं) घेणाऱ्यांनी ते स्वतःहून घेऊ नये. गिळताना त्रास, काळी शौच किंवा विनाकारण घटणारं वजन असेल तर तपासणीच हवी.

जीवघेण्या ॲलर्जीत गोळीची वाट पाहणं

श्वास अडकतोय, आवाज घोगरा झालाय, ओठ-जीभ सुजलीय, चक्कर येतेय: हा ॲनाफिलॅक्सिस आहे. इथे गोळी पुरेशी नाही. ती उशिरा काम करते, आणि मास्ट पेशींनी हिस्टामिनशिवाय इतरही रसायनं सोडलेली असतात, त्यांना ती शिवतही नाही. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं आणि मास्ट पेशींची गळतीही कमी करतं. ते मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ताबडतोब द्यायचं. रुग्णाला आडवं करून पाय वर ठेवा, दम लागत असेल तर बसवा, पण उभं करू नका किंवा चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी रुग्णालय गाठा, काही तासांनी लक्षणं परतू शकतात.

चाचणीच्या आधी गोळी

त्वचेच्या ॲलर्जी चाचणीत हातावर संशयित पदार्थांच्या थेंबांसोबत एक थेंब हिस्टामिनच्या द्रावणाचाही ठेवतात आणि सुई टोचतात. साधारण १५ मिनिटांत हिस्टामिनच्या जागी फुगवटा आणि भोवती लाली यायलाच हवी. तिथेच काही उठलं नाही, तर एच-१ बहुधा औषधाने अडवलेला आहे आणि बाकीचे ‘निगेटिव्ह’ निकाल भरवशाचे नाहीत. बहुतेकदा चाचणीपूर्वी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात. त्या काळात घेतलेली सर्दीची गोळी किंवा खोकल्याचं सिरपही चाचणी करणाऱ्याला सांगा.