रिक्वायरमेंट गोळा करताना या चुका टाळा: एका दूध संस्थेच्या निमित्तानं

गावातल्या दूध संस्थेसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर करायचं आहे असं धरू. सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवं ते, म्हणजे रिक्वायरमेंट, गोळा करणारा बीए (बिझनेस अॅनालिस्ट) सचिवांसमोर वही उघडून बसतो आणि विचारतो, “तुम्हाला काय काय पाहिजे?” सचिव सांगतात: सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) घ्यायचं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची आणि दर दहा दिवसांनी बिल द्यायचं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी एवढ्यावर बांधलेलं सॉफ्टवेअर पहिल्या ३१ तारखेलाच अडकतं. कारण बिल असतं १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. शेवटचा टप्पा कधी दहा दिवसांचा, कधी अकरा, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचा. सचिवांच्या हाताखालून अशी शेकडो बिलं गेलेली असतात, त्यामुळे यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

या कामातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथं आहे. ज्याला काम उत्तम येतं त्याला ते पूर्ण सांगता येतंच असं नाही. गरज त्याच्या वहीत, कपाटातल्या फायलींत आणि रोजच्या हालचालींत असते. नुसत्या प्रश्नोत्तरांतून जे मिळतं तो तिचा वरचा थर.

मागितलेली गोष्ट हीच गरज समजणं

“रिपोर्टला एक्सेलचं बटण द्या.” ही मागणी जवळपास प्रत्येक प्रकल्पात येते आणि बीए ती जशीच्या तशी लिहून घेतो. त्याऐवजी एकच विचारावं: “एक्सेल निघाल्यावर तुम्ही पुढं काय करता?” आपल्या दूध संस्थेत उत्तर येतं की सभासदांची नावं, खाते क्रमांक आणि रक्कम अशी यादी करून बँकेला पाठवतो, मग दुधाचा पगार खात्यावर जमा होतो. म्हणजे हवी आहे ती बँकेला चालेल अशी यादी. आणि इथं एक्सेल घातकही ठरू शकतं. खाते क्रमांक मजकूर म्हणून न ठेवता आकडा म्हणून ठेवला, तर सुरुवातीची शून्यं गळतात आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होऊन बसतात. बटण देऊन बीए मोकळा होतो आणि सभासदाचा पगार अडकतो. बँक कोणत्या नमुन्यात यादी घेते, परत आलेल्या नोंदींचं काय करायचं, एकाच घरातल्या दोघांचं खातं एक असेल तर कसं, हे सगळे प्रश्न त्या एका “पुढं काय करता?” नंतर आपोआप येतात.

“का?” असं थेट विचारलं की समोरच्याला आपली झडती घेतल्यासारखं वाटतं, विशेषतः तो वयानं मोठा असेल तर. “त्यानंतर काय होतं?”, “हे नसलं तर कुणाचं अडतं?” असं विचारलं की तीच माहिती सहज मिळते.

खुर्चीवर बसलेल्यांनाच विचारणं

याच्याइतकी महाग पडणारी दुसरी चूक मला माहीत नाही. चेअरमन, सचिव आणि फार तर दोन संचालक यांच्याशी बोललं की स्टेकहोल्डर, म्हणजे कामाशी संबंध असलेली माणसं, झाले, असं धरलं जातं. पण दूध आणतं कोण? सभासद म्हणून नाव नवऱ्याचं असतं, नोंदवलेला मोबाइल पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा असतो आणि रोज पहाटे किटली घेऊन रांगेत उभी असते ती घरातली बाई. फॅट किती लागली हा मेसेज पुण्याला जातो. जिला कळायला हवं तिला कळतच नाही. हे चेअरमनच्या केबिनमध्ये बसून समजणार नाही. रांगेतल्या चार बायकांशी बोललं की दहा मिनिटांत समजतं, आणि मग मेसेजसोबत छापील पावतीही हवी ही रिक्वायरमेंट लिहिली जाते.

लेखापरीक्षक हा असाच विसरलेला माणूस. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार संस्थेचं लेखापरीक्षण होतं. जुनं बिल दुरुस्त केलं तर आधीची रक्कम काय होती, कुणी बदलली, कधी बदलली हे त्यांना दिसायला हवं. सचिवांना मात्र बिल पटकन दुरुस्त करता यायला हवं असतं. दोन्ही रास्त. पण लेखापरीक्षकांना विचारलंच नाही तर बदलाची नोंद ठेवणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये नसते आणि नंतर घालायची म्हटलं की बिलाचा सगळा भाग उघडावा लागतो.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना बाजूला ठेवल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचं जुनं आणि नीट नोंदलं गेलेलं उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचं आहे. २६ ऑक्टोबर १९९२ ला तिथं रुग्णवाहिका पाठवण्याची संगणकीय यंत्रणा सुरू झाली. कोणती गाडी कुठं आहे आणि काय करते आहे, ही माहिती जवळपास अचूक मिळेल हे तिनं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात गडबडीत कर्मचाऱ्यांकडून बटणं मागेपुढे दाबली जात, रेडिओ संपर्क तुटत असे. गाड्यांचा ठावठिकाणा चुकत गेला, एकाच ठिकाणी दोन गाड्या पोचल्या आणि सूचनांचे ढीग साचून महत्त्वाच्या सूचना पडद्यावरून वर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी अर्धी पद्धत पुन्हा हातानं सुरू करावी लागली आणि ४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्रणा पुरती बंद पडली. फेब्रुवारी १९९३ च्या चौकशी अहवालात तांत्रिक दोष होतेच. पण रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी या कामात पुरेसे सामील नव्हते हेही त्यात स्पष्ट आलं. गर्दीच्या रस्त्यावर, पेशंट उचलताना बटण दाबणं कसं जमतं, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार होतं?

म्हणून यादी करताना पदं लिहू नका, कामं लिहा. दूध मोजणारा कोण, फॅट काढणारा कोण, टँकर भरून देणारा कोण, बिल वाटणारा कोण, तक्रार ऐकणारा कोण. मग प्रत्येक कामापुढं माणूस येतो आणि सुटलेली माणसं दिसतात.

“साधारणपणे कसं करता?” हा प्रश्न

साधारणपणे विचारलं की साधारण उत्तर येतं. “वीज गेल्यावर काय करता?” याला उत्तर मिळेल, “इन्व्हर्टर आहे.” पण “मागच्या वेळी ऐन संकलनात वीज गेली तेव्हा काय केलं, ती वही दाखवता का?” असं विचारा. वही समोर येते. त्यात वजनं लिहिलेली असतात, फॅटचे आकडे नंतर वेगळ्या शाईनं भरलेले असतात, काही सभासदांपुढं कालचीच फॅट धरलेली असते. एका पानातून तीन रिक्वायरमेंट निघतात: नोंद मागाहून करता यावी, नमुना नंतर तपासता यावा आणि आधीची फॅट धरली असेल तर तसं बिलावर दिसावं.

प्रसंग मागा, कागद मागा, आणि जमेल तिथं संकलनाच्या वेळी जाऊन नुसतं उभे राहा. सकाळच्या गर्दीत दूध मोजणारा एका हातानं माप धरतो आणि दुसऱ्या हातानं बटण दाबतो. हात ओले असतात. तिथं टच स्क्रीन किती चालेल याचं उत्तर कोणत्याही वर्कशॉपमध्ये मिळत नाही.

वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून बोलणं हीसुद्धा फार उपयोगी पद्धत आहे. लोकांना चालू महिना आठवतो. मे महिन्यात मुलाखती घेतल्या तर दिवाळीचं कुणीच बोलत नाही. पण बऱ्याच ठिकाणी दिवाळीपूर्वी सभासदांना दूध दर फरक, म्हणजे वर्षभरातल्या दुधावरची जादा रक्कम, दिला जातो, आणि त्यासाठी प्रत्येक सभासदाचं वर्षभराचं दूध लागतं, गाईचं वेगळं आणि म्हशीचं वेगळं. रोजच्या नोंदीत हा भेद ठेवला नसेल तर दिवाळीच्या तोंडावर तो कुठून आणणार? मार्चअखेर, हिवाळ्यातलं वाढलेलं दूध, उन्हाळ्यातलं आटलेलं दूध, पशुखाद्याची उचल, वार्षिक सभा असं महिन्यामहिन्यानं पुढं सरकत विचारा. सभासद वारला, खातं मुलाच्या नावावर झालं, तर मधल्या दुधाचा फरक कुणाला, हाही प्रश्न त्या ओघात येतो.

एकाच बैठकीत सगळ्यांना बसवणं

आपल्याकडे चेअरमनसमोर सचिव फारसं बोलत नाहीत आणि सचिवांसमोर फॅट काढणारा मुलगा तर मुळीच नाही. यात कुणाचा दोष नाही, वडीलधाऱ्यांना चारचौघांत खोडून काढायचं नाही ही रीत आहे. पण बीएला त्यामुळे एकमत झाल्यासारखं वाटतं. आधी प्रत्येकाशी त्याच्या जागेवर जाऊन वेगळं बोला. कुणाचं कुठं जुळत नाही ते तुम्हाला आधीच कळलेलं असू द्या, आणि बैठकीत तो मुद्दा माणसाचं नाव न घेता मांडा: “काही ठिकाणी असंही होतं असं दिसलं, त्याचं काय करूया?”

आकड्यांशिवाय लिहिलेली विशेषणं आणि नियम

“फास्ट पाहिजे”, “सोपं पाहिजे” याला काही अर्थ नाही. रांग किती लांब असते, टँकर किती वाजता निघतो, त्याआधी किती सभासदांचं दूध मोजून व्हायला हवं, हे विचारलं की एका नोंदीला किती सेकंद मिळतात ते काढता येतं. तो आकडा लिहा.

नियमांचंही तसंच. संस्था लिटरवर घेते आणि पुढं संस्थेकडून दूध घेणारा दूध संघ किलोवर मोजतो असं असेल तर १०० लिटर दूध साधारण १०३ किलो भरतं, मग घट-वाढ कशावर काढायची? लॅक्टोमीटरच्या वाचनावरून एसएनएफ काढायची सूत्रं एकाहून अधिक आहेत, त्यांतलं नेमकं कोणतं? फॅटचा दुसरा दशांश सोडायचा की पुढं धरायचा? रुपयाचं पूर्णांकन प्रत्येक वेळच्या दुधाला की बिलाच्या शेवटी? दोन जाणकार इथं दोन उत्तरं देतात आणि दोघंही ठाम असतात. अशा वेळी बीएनं मनानं एक बाजू निवडणं ही गंभीर चूक आहे, कारण त्या निवडीतून सभासदाच्या खिशातले पैसे इकडचे तिकडे होतात. दोन्ही पद्धतींनी एकाच टप्प्याचा हिशेब करून फरक रुपयांत दाखवा आणि निर्णय संचालक मंडळाकडून घ्या. निर्णय काय, कुणी घेतला, कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवा. सहा महिन्यांनी याच ओळीवरून वाद होतो, तेव्हा ती नोंद सगळ्यांना वाचवते.

सही म्हणजे समजलं असं धरणं

जाडजूड दस्तऐवजावर सही मिळते, पण वाचून मिळतेच असं नाही. बिझनेस अॅनालिस्टांच्या आयआयबीए या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत माहिती काढून घेणं आणि ती पडताळणं ही दोन वेगळी कामं म्हणून मांडली आहेत, ते अगदी योग्य आहे. पडताळणी करायची तर मागच्या टप्प्यातली पाच सभासदांची खरी बिलं घ्या. एक साधा, एक गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालणारा, एक उचल घेतलेला, एक ज्याचं दूध नासलं म्हणून परत केलं तो, आणि एक ज्याचं बिल नंतर दुरुस्त झालं तो. तुम्ही लिहिलेल्या नियमांनी ती हातानं पुन्हा काढा. पैशापर्यंत जुळली नाहीत तर एखादा नियम सुटला आहे. हे काम सचिवांसोबत बसून करा, कारण फरक दिसल्याबरोबर ते म्हणतात, “हां, त्या वेळी दर मागच्या तारखेपासून लागू झाला होता.” आणि मागील तारखेपासून दर बदलणं ही सबंध प्रकल्पातली सर्वांत अवघड रिक्वायरमेंट तेव्हा पहिल्यांदा उच्चारली जाते.

आधीच अडकला असाल तर

“जुन्या सॉफ्टवेअरसारखंच पाहिजे” एवढंच उत्तर मिळत असेल तर वाद घालू नका. जुन्या सॉफ्टवेअरवर त्यांना काम करायला सांगा आणि ते कुठं कागद किंवा कॅल्क्युलेटर हातात घेतात ते टिपा. त्या जागा म्हणजेच नवीन गरजा.

“सगळंच महत्त्वाचं आहे” असं म्हणत असतील तर क्रम लावायला सांगू नका. “येत्या १ तारखेला एवढंच तयार असलं तर दुधाचा पगार होईल का?” असं विचारत एकेक गोष्ट बाजूला काढा.

कुणी वेळच देत नसेल तर तासाची बैठक मागण्याऐवजी एक चुकीचा नमुना घेऊन जा. कोऱ्या कागदावर बोलायला सवड नसलेला माणूस चुकीचं बिल समोर आलं की लगेच पेन काढतो.

आणि यूएटीमध्ये, म्हणजे वापरणारे स्वतः सॉफ्टवेअर तपासून पाहतात त्या शेवटच्या चाचणीत, बदलांची रांग लागली असेल तर प्रत्येक बदलापुढं एक खूण करा: हा नियम नंतर बदलला, की आधीपासून होता आणि आपल्याला कळला नाही? पहिल्या प्रकाराची चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची वेगळी मागणी, होते, तिचा खर्च आणि तारीख वेगळी बोलता येते. दुसऱ्या प्रकारचे मुद्दे एकत्र वाचा. ते बहुतेक वेळा एकाच कामाच्या आसपास गोळा झालेले असतात, टँकर भरण्याच्या किंवा बिल वाटण्याच्या. उरलेले बदल येण्याची वाट न पाहता त्या कामाच्या माणसाकडे जा आणि त्याचा एक पूर्ण दिवस शेजारी बसून पाहा.