जोडीदाराचा फोन तपासावासा वाटतो तेव्हा

आपलं माणूस दुसऱ्या कुणाशी हसून बोललं की पोटात कालवतं. प्रेमात हे होतंच. संसार नासतो तो पुढच्या तपासण्यानं. फोन उघडला, काही सापडलं नाही, घटकाभर बरं वाटलं; आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागून तासाभरात हात पुन्हा फोनकडे जातो.

म्हणून तपासायची उबळ आली की वीस मिनिटं थांबा. नुसतं बसून नको. चालायला जा, भांडी घासा. धडधड बहुतेकदा तेवढ्यात उतरते. दिवसातून दहा वेळा 'लास्ट सीन' बघत असाल तर आधी पाचवर या, मग दोनवर. सुरुवातीला बेचैनी वाढते. बरेच जण तिथंच सोडून देतात, पण तेवढेच दिवस रेटायचे असतात.

मग कागदावर दोन रकाने पाडा: ऐकलं-पाहिलं ते डावीकडे, मनानं जोडलं ते उजवीकडे. आपल्या सीमाभागात याची फार गरज पडते. कोल्हापूरकडून बेळगावात दिलेल्या मुलीला नवऱ्याचं ऑफिसातल्या बाईशी चाललेलं कन्नड कळत नाही, हसणं तेवढं ऐकू येतं. डावीकडे लिहायचं, 'दहा मिनिटं बोलले, दोनदा हसले.' 'माझ्यावरच हसले' हे उजवीकडे. उजवा रकाना भरलेला आणि डावा रिकामा असेल, तर भांडण काढण्याआधी विचारायचं. जमेल तसं कन्नडही शिकावं; घरात परकं वाटणं त्यानं खूप कमी होतं.

विचारायचं ते जेवणं आटोपल्यावर, सासू-सासऱ्यांसमोर नाही. "तुम्ही सारखं तिच्याशीच बोलता" म्हटलं की वाद पेटतो. त्याऐवजी, "फोन झाला की कुणाचा होता ते सांगत जावा की, मला एकटं पडल्यागत होतंय." मागणी एकच आणि रोज पाळता येईल अशी. एकजण पुण्यात नोकरीला असेल तर रोजच्या फोनची वेळ ठरवून घ्या.

खोटं खरोखरच पकडलं गेलं असेल, तर वीस मिनिटं थांबून ते मिटणार नाही; स्पष्ट जाब विचारा.

पासवर्ड हिसकावणं, माहेरी जाऊ न देणं, हात उचलणं याला प्रेमाचा संशय म्हणून पाठीशी घालू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. पुरावा नसताना संशय हटतच नसेल, त्यात दारूही असेल, तर तो आजार असू शकतो. १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्ये मोफत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था जवळ आहे. जाताना तो दोन रकान्यांचा कागद सोबत न्या.