उष्ण गुरूचं अधिक्रमण टिपताय? या चुका टाळा

आधीच सांगतो, ग्रह दिसत नाही. उष्ण गुरू म्हणजे आपला गुरू नव्हे, दूरच्या ताऱ्याभोवतीचा गुरूसारखा तापलेला ग्रह. ताऱ्याला खेटून फिरणारा तो वायूचा गोळा आपल्या आणि ताऱ्याच्या मधून गेला की ताऱ्याचा उजेड टक्का-दोन टक्के उतरतो, तेवढंच आपल्या हाती. एचडी १८९७३३ या ताऱ्याचा उतार सुमारे २.४ टक्के, वास्प-१२ या ताऱ्याचा १.४. त्याहून मोठा घोळ आपण स्वतःच घालतो.

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक म्हणजे एकट्या लक्ष्य-ताऱ्याचा उजेड मोजत बसणं. मीही केली आहे. डिसेंबरात निफाडकडे मामांच्या द्राक्षबागेत आठ इंची दुर्बीण लावली होती. सारथी तारकासमूहातला वास्प-१२, अधिक्रमण दीडला सुरू होणार. दोनच्या सुमारास आलेख घसरू लागला आणि मी मामेभावाला गदागदा हलवून उठवलं. आलेख थांबेचना. तीन टक्के, पाच, आठ! तेवढ्यात ओळींमधून मामा आले, हातात घमेलं, डोळ्यांतून पाणी. पारा उतरला म्हणून मणी तडकू नयेत यासाठी त्यांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. "काय भाचेबुवा, दिसला का तुमचा गुरू?"

दिसला होता तो धूर. चौकटीतले शेजारचे तारेही तितकेच मंदावले होते, मी बघितलेच नव्हते. घरी येऊन वास्प-१२ च्या उजेडाला त्यांच्या उजेडाने भागलं, तेव्हा कुठे खरबरीत का होईना, ग्रहाचा खड्डा निघाला. तेव्हापासून त्याच चौकटीतले, साधारण त्याच तेजाचे आणि रंगाचे चार तारे ठरवल्याशिवाय मी पहिला फोटोही घेत नाही.

दुसरी चूक घाईची, आणि तिचा मला खरा राग येतो. वास्प-१२ चं अधिक्रमण तीन तासांचं. आधी एक तास, नंतर एक तास, म्हणजे पाच तास बैठक. खड्डा दिसला रे दिसला की मंडळी तिपाई आवरतात. आधीची आणि नंतरची सपाट रेघच नसेल तर खोली मोजणार कशावरून? वर "उद्या याच वेळी पुन्हा बघू" म्हणतात. त्याची फेरी सुमारे २६ तास १२ मिनिटांची, उद्या तो दोन तास उशिरा येणार!

फोकस टोकदार करू नका. ७.७ प्रतीच्या, म्हणजे बऱ्यापैकी तेजस्वी एचडी १८९७३३ वर मी तो केला, मधले पिक्सेल काठोकाठ भरले आणि आलेख टेबलासारखा सपाट आला. आता तारा मेदुवड्यासारखा दिसेपर्यंत फोकस बिघडवतो.

अधिक्रमणांचं वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतं, साडेपाच तास मिळवा. १८:३० म्हणजे आपली मध्यरात्र, तारीखही बदलते.

फोटो जेपीजीत नको, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत घ्या.

आणि गंगापूर धरणाकडे जाणार असाल तर दर अर्ध्या तासाने भिंगावर टॉर्च मारून बघा. दंव सांगून येत नाही.