मिरचीची रोपं पिवळी पडली तेव्हा

मे महिन्यात बाहेर ४५ अंश, म्हणून भिवापुरी मिरचीचं बी घरातच खिडकीशी ट्रेमध्ये टाकलं. चार पानांवर आली नि रोपं पिवळी पडू लागली. दुकानदार म्हणे, युरिया टाका, म्हणजे नत्राचं खत. मी आधी पानं नीट पाहिली. खालची हिरवीगार, शेंड्याची कोवळी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. नत्र कमी असतं तर खालची आधी पिवळली असती. हे लोह कमी पडल्याचं दुखणं. आमच्या बोअरचं पाणीच जड, चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पांढरा थर धरतो. त्यात आईची माया, दिवसातून तीनदा पाणी! ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पिळलं तर धार लागली. जड पाणी नि सतत ओली मुळं, दोन्हींत रोपाला लोह नीट घेता येत नाही. पाणी एकाच वेळेवर आणलं, तेही आरओचं. चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला अर्धा ग्रॅम फवारलं. आठवड्यात नवी पानं हिरवी निघाली.