जुना मोबाइल, चार्जर, फुगलेली बॅटरी: घरातला ई-कचरा काढताना या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या कपाटाच्या खालच्या खणातून तीन जुने मोबाइल निघाले. एकाची पाठ उचकटली होती, आत बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. मी ती अंगठ्याने दाबून बसवायला निघालो होतो. ही सगळ्यात धोक्याची चूक. फुगलेल्या लिथियम बॅटरीत गॅस साठलेला असतो. दाबली किंवा सुरीने उचकटली तर ती पेट घेऊ शकते. अशी बॅटरी चार्जिंगला लावू नका. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता, पडदे-गाद्यांपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर संकलन केंद्रावर पोचवा. चांगल्या सुट्या बॅटऱ्यांच्याही टोकांना चिकटपट्टी लावा.

घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, आणि पुढे तो हाताने निवडणारी माणसंच असतात.

दुसरी चूक आपण चार पैसे मिळतात म्हणून करतो: सगळं भंगारात देतो. भंगारवाल्यावर माझा राग नाही, तो पोटासाठी राबतो. पण आमच्या जुन्या घरामागे संध्याकाळी वायरींची भेंडोळी जाळायचे. ज्वाळेला तांब्याची हिरवी झाक, आणि वास थेट घशात बसायचा. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक असं उघड्यावर जळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून धातू काढतात. उरलेलं ॲसिड गटारात जातं. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद आहे.

मग द्यायचं कुठे? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणं येतात आणि त्यांच्या रीसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. कुणी घरी न्यायला आलं, तर माल कुठल्या रीसायकलरकडे जाणार ते विचारा. त्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी हवी.

फोटो-कागदपत्रांच्या भीतीने मोबाइल हातोडीने फोडू नका, आत बॅटरी असते. खात्यातून लॉग-आउट करा, मग फॅक्टरी रीसेट.

जुन्या (एलईडी नसलेल्या) ट्यूबलाइट आणि सीएफएल वेगळ्या खोक्यात ठेवा, त्यांत पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडा, झाडू न मारता तुकडे पुठ्ठ्याने उचला, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपून घ्या.