थंडीतला ट्राउट: फ्लाय बदलत बसू नका, वजन बदला

हिवाळ्यात फ्लायने (पिसे-दोरा गुंडाळून किड्यासारखा बांधलेला गळ) ट्राउट धरायला पहाटे उठून ओढ्यावर जाण्यात काडीचाही अर्थ नाही. ट्राउट थंड रक्ताचा मासा. पाणी जितके गार, तितकाच तोही गार. पाणी 10 ते 16 अंश सेल्सिअस असते तेव्हा तो हौसेने खातो. ते 4 अंशांच्या खाली उतरले की पचन इतके मंदावते की एकदा खाल्लेले त्याला बराच काळ पुरते. आणि रात्रभर निवलेले पाणी सर्वांत गार असते ते नेमके सूर्योदयाच्या सुमारास. तेव्हा सावकाश आवरा, अकराच्या आसपास पाण्यावर पोचा आणि साडेतीनपर्यंतचाच हिशेब धरा.

थर्मामीटर मात्र विसरू नका. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे पाहायचे. 3 वरून साडेचारवर चढणारे पाणी मला 6 वरून 5 वर घसरणाऱ्या पाण्यापेक्षा केव्हाही पसंत. यात एक फसगत असते. काठावर बर्फ साचला असेल आणि दुपारी कडक ऊन पडले, तर वितळलेले पाणी ओढ्यात उतरते आणि हवा तापत असताना ओढा गार होत जातो. तुम्हाला जाकीट काढावेसे वाटते आणि मासे तोंड मिटून बसतात. अशा दिवशी बर्फ वितळायला लागण्याआधीचे तास धरा. पाण्यातून बर्फाचा लगदा वाहत येत असेल तर तो ओसरेपर्यंत गळ टाकूच नका.

ओढा निवडणे

जिवंत झऱ्याचा ओढा मिळाला तर दुसरा शोधू नका. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही, त्यामुळे आजूबाजूचे ओढे गोठत असताना तो वाहता राहतो. सकाळच्या थंडीत पाण्यावरून वाफ निघते, दगडांवर हिरवे शेवाळ टिकून असते, काठाला बर्फाची कड धरत नाही. या खुणा दिसल्या की समजा, जागा सापडली. झऱ्याचा नसेल तर निदान ऊन जास्त वेळ पडते तो भाग निवडा.

नियम आधी वाचा. ब्राउन ट्राउट आणि ब्रुक ट्राउट शरदाच्या अखेरीस अंडी घालतात, म्हणून बऱ्याच प्रदेशांत हिवाळ्यात मासेमारी बंद असते. सुरू असेल तिथेही पाण्यात पाय टाकताना तळ बघा. उथळ खडीत कुठे आजूबाजूपेक्षा फिकट, धुतल्यासारखा लांबट ठिपका दिसतो. वरच्या अंगाला खळगा, खालच्या अंगाला खडीचा छोटा उंचवटा. अंडी त्या उंचवट्यात असतात आणि हिवाळाभर असतात. त्यावर पाय पडला की पुढच्या पिढीचा चुराडा झाला. लहान ओढ्यात काठावरूनच काम भागते, उगाच पाण्यात उतरू नये.

सामान

तीन नंबरचा (म्हणजे हलक्या लाइनचा) सव्वादोन-अडीच मीटरचा रॉड, 5एक्स किंवा 6एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक धागा; आकडा मोठा तितका धागा बारीक), बिनकाट्याचे गळ. बाकी जे वापरता तेच.

फ्लायची पेटी अर्धी घरी ठेवा. हिवाळ्यात ओढ्यात सर्वांत भरवशाचे खाद्य म्हणजे मिज, डासासारख्या दिसणाऱ्या बारीक किड्यांच्या अळ्या. त्यासाठी 18 ते 22 नंबरच्या (नंबर मोठा तितका गळ लहान) काळ्या किंवा लाल निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लाय, पुरतात. सोबत 16-18 नंबरची फेझंट टेल ही निम्फ ठेवा. फ्रँक सॉयर हा इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा रखवालदार. त्याने ही फ्लाय बांधताना दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली आणि किड्याचे पायसुद्धा लावले नाहीत. फ्लाय हुबेहूब दिसण्यापेक्षा ती चटकन खाली गेली पाहिजे, हे त्याला कळले होते. आज बाजारात तिच्या शोभिवंत आवृत्त्या मिळतात, त्यातल्या निम्म्या तरंगत राहतात.

मासा कुठे असतो

डोहात. पण का, हे समजून घ्या, कारण इथे उंटावरच्या शहाण्यांनी बराच गोंधळ घातला आहे. ‘तळाशी पाणी उबदार असते’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. गोठलेल्या तळ्याला ते लागू पडते, कारण पाणी 4 अंशांना सर्वांत जड असते आणि ते खाली बसते. वाहत्या ओढ्यात पाणी सतत ढवळले जाते, त्यामुळे वरचे आणि तळाचे तापमान जवळपास सारखेच असते. ट्राउट डोहात जातो तो धार मंद असते म्हणून. तिथे कमी ताकदीत जागेवर टिकता येते आणि पक्ष्यांपासून आडोसाही मिळतो. तेव्हा नुसती खोली मोजू नका. गुडघाभर पाणी असेल, शेजारून प्रवाह खाद्य आणत असेल आणि बाजूला पोखरलेला काठ किंवा पडलेले झाड असेल, तर ती जागा छातीभर खोल पण उघड्या डोहापेक्षा चांगली. उन्हाळ्यात ज्या खळाळात मासे मिळाले होते, तिकडे बघूही नका.

हिवाळ्यात पाणी कमी आणि काचेसारखे स्वच्छ असते, झाडांना पाने नसतात. खालच्या अंगाने, वाकून या आणि शेवटचे काही मीटर गुडघ्यांवर.

खोली आणि वाहणे: सगळे इथे अडते

या टप्प्यावर मी बरेच हिवाळे अडकलो होतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

उन्हाळ्यात मासा फ्लायमागे हातभर धावतो. थंडीत तो वीतभरही सरकत नाही. खाद्य नाकासमोर, त्याच्या पातळीवर, त्याच्या वेगाने आले तर तोंड उघडतो, नाहीतर जाऊ देतो. आता ओढ्याचा तळ दगडाधोंड्यांचा. घर्षणामुळे तिथले पाणी पृष्ठभागापेक्षा हळू चालते. तुमची लाइन आणि इंडिकेटर (मासा लागल्याची खूण देणारा तरंगता झुपका किंवा गोळा) वरच्या वेगवान पाण्यात, फ्लाय खालच्या संथ पाण्यात. वरचे पाणी इंडिकेटर ओढते, इंडिकेटर फ्लायला ओढतो, आणि फ्लाय माशाच्या डोक्यावरून निघून जाते. त्यात 20 नंबरची फ्लाय इतकी हलकी की ती तळाशी पोचेपर्यंत लहान ओढ्यातला डोह संपलेला असतो. मासा आहे, फ्लाय बरोबर आहे, फक्त दोघांची गाठ पडत नाही. मग माणूस फ्लाय बदलतो. पुन्हा बदलतो. बोटे बधिर होईपर्यंत गाठी मारत बसतो आणि हात हलवत परत जातो.

म्हणून वजन. फ्लायच्या वर 15-20 सेंटिमीटरवर टिपेटला वजनाचा एक बारीक मणी लावा. शिशाचा नको. पाणपक्ष्यांच्या पोटात गेला तर तो विष ठरतो, आणि ब्रिटनमध्ये 1987 पासून शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आहे. टंगस्टन शिशापेक्षाही बरेच जड, म्हणजे मणी लहान लागतो आणि लवकर बुडतो. एक मणी कमी पडला तर दुसरा लावा. मोठा मणी एकदम लावू नका, लहान-लहान मण्यांनी वजन वाढवत जा.

वजन पुरले की नाही, हे कसे कळते? पाण्यावरच्या फेसाकडे बघा. इंडिकेटरशेजारून बुडबुडे पुढे निघून जात असतील, म्हणजे इंडिकेटर फेसापेक्षा हळू चालला असेल, तर फ्लाय तळाच्या संथ पाण्यात पोचली आहे आणि तीच आता इंडिकेटरला मागे धरते आहे. फेस आणि इंडिकेटर जोडीने चालले असतील तर तुम्ही अजून वरच आहात. सगळ्या हिवाळी मासेमारीत मला याहून उपयोगी खूण माहीत नाही. दुसरी परीक्षा म्हणजे तीन-चार वेळा टाकल्यावर एकदा तरी गळ तळाला लागला पाहिजे. कधीच लागत नसेल तर वजन कमी आहे. दरवेळी अडकत असेल तर जास्त.

आता ‘खोलीच्या दीडपट’ या नियमाविषयी. पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर इंडिकेटर बांधा, असे जो तो सांगतो. मोठ्या नदीच्या जोरदार धारेत ठीक आहे, तिथे लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला धागा, तिरका ताणला जातो. संथ डोहात तेवढी लांबी ढिली पडून राहते आणि माशाने फ्लाय तोंडात घेऊन थुंकली तरी वर काही कळत नाही. लहान ओढ्यात इंडिकेटर आणि वजन यांच्यातले अंतर खोलीइतकेच ठेवा, वर फार तर वीतभर. दर डोहाला ते सरकवायला लागते. कंटाळा करू नका. इंडिकेटर लोकरीच्या बारीक झुपक्याचा घ्या. प्लास्टिकचा गोळा उथळ, शांत पाण्यात ‘डुब्ब’ करून पडतो आणि तिथेच खेळ संपतो.

टाकायचे जवळून. चार-पाच मीटर भरपूर झाले. माशाच्या अंदाजाने ठरवलेल्या जागेच्या मीटरभर वर फ्लाय टाका, रॉड उंच धरा आणि लाइन शक्यतो पाण्याला लागू देऊ नका. वाटेत वेगवेगळ्या वेगाच्या धारा असतात आणि लाइन त्यांतल्या एकीवर जरी टेकली तरी फ्लाय खेचली जाते. रॉडचे टोक इंडिकेटरच्या बरोबरीने खाली आणत जा, त्याच्या पुढे नेऊ नका.

मासा लागला हे कळणे ही शेवटची अडचण. थंडीत हिसका बसत नाही. इंडिकेटर बुडण्याची वाट बघाल तर संध्याकाळपर्यंत बघत बसाल. तो क्षणभर थबकतो, किंवा किंचित तिरका होतो. पुष्कळदा तो दगड असतो किंवा कुजके पान असते. तरीही दरवेळी उचला. उचलायचे म्हणजे मनगटाने वीतभर, प्रवाहाच्या खालच्या दिशेने. हात खांद्यापासून झटकलात तर 6एक्स तुटेल, आणि मासा नसेल तर फ्लाय मागच्या झाडात. ऊन योग्य कोनात असेल तर इंडिकेटरकडे बघणे सोडून द्या आणि माशाकडे बघा. तळाच्या करड्या सावलीत एक पांढरा ठिपका उघडतो आणि मिटतो. ते त्याचे तोंड. मिटल्याबरोबर उचला.

काहीच झाले नाही तर आधी वजन बदला, मग खोली, मग स्वतःची उभी राहायची जागा. फ्लाय सर्वांत शेवटी. आणि जागा लवकर सोडू नका. उन्हाळ्यात दोन-तीनदा टाकून पुढे सरकतो तसे इथे चालत नाही. एकाच पट्ट्यात पंधरा-वीस वेळा टाका, मग तळहाताच्या रुंदीइतके बाजूला सरका. एक मासा मिळाला तर दोन मिनिटे डोह शांत होऊ द्या आणि पुन्हा तिथेच टाका. थंडीत ते एकत्र गोळा होतात.

ढगाळ दुपारी मासे पृष्ठभागावर नाक काढताना दिसले तर वजन-बिजन सोडून 20 नंबरची ग्रिफिथ्स नॅट ही तरंगणारी फ्लाय टाका.

बर्फ, मासा आणि हात

रॉडच्या कड्यांत बर्फ धरला तर टोक पाण्यात बुडवून हलवा. नखाने किंवा चिमटीने मोडून काढाल तर कडी मोडते, कधी टोकही. हा त्रास नकोच असेल तर जपानी तेनकारा रॉड घ्या. लाइन टोकालाच बांधलेली असते, गोठायला कडी नाहीत.

शून्याखालच्या हवेत मासा पाण्याबाहेर काढू नका. कल्ल्यांची त्वचा फार नाजूक असते आणि काही सेकंदांत गोठू शकते. जाळे पाण्यातच ठेवा, गळ तिथेच सोडवा. फोटोची हौस उन्हाळ्यात भागवा. नंतर हात लगेच टॉवेलने कोरडे करा. ओले हात मोज्यात घालण्यापेक्षा न घातलेले बरे.

पायांत मोज्यांवर मोजे चढवू नका, बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. बुटांच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तळव्यांना बर्फाचे गोळे चिकटतात, म्हणून खिळ्यांचे रबरी तळवे घ्या. काठावरच्या बर्फाच्या कडेवर उभे राहू नका, खाली बहुतेक वेळा पोकळीच असते.

थर्मामीटरचा आकडा उतरू लागला की आवरा, पुढचा तास तुम्हाला काही देणार नाही. रॉडचे जोड गोठून घट्ट बसले असतील तर पिरगळू नका. तळहातात मिनिटभर धरा आणि सरळ ओढा. तरी निघाले नाहीत तर रॉड जोडलेल्या अवस्थेतच घरी न्या.